वरच्या खोलीतली खोकी

घर सकाळी पाहू नये, असं ते सांगत. सकाळी सगळीच घरं आंघोळ करून बसलेली असतात. घर पाहावं ते वैशाखात, दुपारी चारला, आणि पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून. हात दोन मिनिटं टेकवता आला तर भाड्याचं बोलावं, नाहीतर मालकाला नमस्कार करून पायऱ्या उतराव्यात. मी त्यांच्याकडे सल्ल्याला गेले तेव्हा नुकतीच दिवाळी झाली होती आणि मला महिन्याच्या आत खोली हवी होती. वैशाखाचं ऐकून मला हसू आलं. ते हसले नाहीत. "मग भिंतीचं जाऊ द्या," ते म्हणाले, "बाकीचं तपासू."

ते आमच्या कचेरीचे भांडारपाल. विहिरी आणि पंप असली कामं पाहणारी ती सरकारी कचेरी होती, आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नटबोल्टांच्या राज्यात ते बसत. नाव सांगत नाही. छापील गोष्ट त्यांना फार खरी वाटायची, आणि स्वतःचं नाव छापलेलं पाहून ते कावरेबावरे झाले असते. सगळी कचेरी त्यांना काका म्हणे, तेच मीही म्हणते. सडसडीत अंग, पांढरा बुशकोट आणि खिशाला पेनाऐवजी टेस्टर. सही करायची वेळ आली की दुसऱ्याचं पेन मागत आणि परत देताना त्याच्या निबाबद्दल दोन वाक्यं बोलत.

सत्तरीच्या दशकातल्या नाशकात माणूस दोन गोष्टींनी हैराण असायचा. एक भाड्याची जागा आणि दुसरं नवं यंत्र. दोन्ही बाबतींत लोक काकांकडे येत. रेडिओ घ्यायचा? "दुकानात गाणं लावून पाहू नका. गाणं कशावरही बरं लागतं. बातम्या लावा." मिक्सर? "घ्या, पण पाटा विकू नका." स्कूटरचा नंबर लागलाय, पण नवं मॉडेल येतंय म्हणतात? "पहिल्या वर्षीच्या मॉडेलवर आणि पहिल्या महिन्यातल्या शेजाऱ्यावर मत देऊ नये." दुकानदार 'डोळे झाकून घ्या' म्हणाला, की दोन्ही डोळे नीट उघडावेत. घरमालकाला भाडं किती हे नंतर विचारावं, फाटक किती वाजता लावता ते आधी विचारावं. हे सगळं फुकट, आणि न विचारताही मिळे.

स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात फारसं काही विकत घेतलं नाही. एक जुना ट्रान्झिस्टर, एक सायकल आणि वातीचा स्टोव्ह. त्यांचा जीव यंत्रापेक्षा यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत होता. कुणाकडे काही नवं आलं की रविवारी सकाळी काकांना बोलावणं जाई. ते येत, हातपाय धुऊन सतरंजीवर बसत आणि पुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचत. इंग्रजी एक वाक्य, मग त्याचं मराठी. 'हे यंत्र पाण्यात बुडवू नये.' मान वर करून सगळ्या घराकडे पाहत. "कळलं?" आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे "कळलं" म्हणत, मगच पुढचं वाक्य. शेवटचं पान संपल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आमच्या हेडक्लार्कबाईंनी मिक्सरच्या मुहूर्ताला वड्यांची डाळ भिजत घातली होती. वाचन संपेपर्यंत भुकेनं पोरं रडायला लागली, शेवटी बाईंनी पदर खोचला आणि डाळ पाट्यावर वाटून मोकळ्या झाल्या. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "म्हणून म्हटलं, पाटा विकू नका," एवढंच म्हणाले.

एका साहेबांनी फार लवकर टीव्ही आणला. नाशकात तेव्हा चित्र नीट यायचंच नाही, मधे सह्याद्री. काका भांडारातलं सर्वेक्षणाचं होकायंत्र घेऊन गच्चीवर चढले, मुंबईची दिशा अंशांत काढली आणि अँटेना बरोबर तिकडे वळवली. खाली पडद्यावर मुंग्याच मुंग्या. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. काका खाली आले, पडद्याला नाक लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मुंग्या अगदी स्वच्छ दिसताहेत. सेट उत्तम आहे." साहेबांना धीर आला आणि पुढं कित्येक महिने ते पाहुण्यांना मुंग्या दाखवत राहिले.

घरोघर वाचन झाल्यावर काका एकच दक्षिणा मागत, ती म्हणजे रिकामं खोकं. त्यांचं म्हणणं असं की यंत्र बिघडून कंपनीला परत पाठवायची वेळ आली तर मूळ खोकंच लागतं, आणि लोक ते खोकं पहिल्या आठवड्यात बंबात घालतात. म्हणून ते सगळ्यांची खोकी सांभाळत. पंचवटीच्या पुढं, तेव्हा जिथं वस्ती संपून वांग्याचे मळे लागायचे तिथं, त्यांनी स्वतःचं लहानसं घर बांधलं होतं. खाली दोन खोल्या, तिथं ते आणि काकू राहत, वर एक. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली. ती वरची खोली अर्ध्या नाशकाच्या खोक्यांनी छतापर्यंत भरली होती. प्रत्येक खोक्यावर मालकाचं नाव आणि तारीख. परत न्यायला इतक्या वर्षांत कुणी आलं होतं की नाही, कोण जाणे.

आता माझं सांगते. मी निफाडजवळच्या खेड्यातली. वडील साखर कारखान्यावर वजनकाट्याशी हमाली करायचे. आमच्या वस्तीतली मॅट्रिकच्या पुढं शिकलेली पहिली मुलगी मी, आणि कचेरीत लागलेलीही पहिलीच. नोकरी अजून कायम झाली नव्हती. रोज पहाटे निघून एसटीनं यायचं आणि अंधार पडता परतायचं. गाळपाचा हंगाम सुरू झाला की रस्ताभर उसाच्या गाड्या, आणि एसटी त्यांच्यामागं मुंगीसारखी. महिन्यात सहा वेळा उशीर झाला. साहेबांनी लेखी समज दिली आणि तोंडी सांगितलं, की बाई, गावात खोली बघा, नाहीतर तुमचं कायम होणं अवघड आहे. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते ऐकलं आणि म्हणाले, खोली मिळाली तर ठीक, नाहीतर सोड. त्यांच्या मनात एक स्थळही होतं. म्हणजे खोली नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर बाकीचं ठरलेलंच.

कचेरीतल्या बायकांनी प्रेमानं एक युक्ती सांगितली होती. आमचं आडनाव मराठ्यांतही आहे, आमच्या बौद्धांतही आहे. "तू काही बोलूच नकोस," त्या म्हणाल्या. "बुद्धाचा फोटो तेवढा पेटीत ठेव." मी मान डोलावली, पण तसं राहायची माझी तयारी नव्हती. फोटो पेटीत ठेवून मी किती दिवस झोपणार होते? त्यापेक्षा काकांना बरोबर घ्यावं असं वाटलं. एवढा मोठा माणूस शेजारी उभा असला तर मालकाच्या तोंडून नाही निघणार नाही, असा माझा हिशेब.

काका पिशवी घेऊन निघाले. ही पिशवी घरमालकांमध्ये बदनाम होती. तिच्यात शंभरचा दिवा असे. मालक मुद्दाम मिणमिणता दिवा लावून भिंतीची ओल लपवतात, म्हणून काका आधी तो काढून स्वतःचा लावत. काचेची एक गोटी असे, ती जमिनीवर सोडून उतार पाहायचा. नळाखाली धरायला लिटरचं माप असे. आणि ट्रान्झिस्टर, तो खोलीत लावून शेजारच्या दारात जाऊन उभं राहायचं, म्हणजे आपलं घरातलं बोलणं किती बाहेर जाईल ते कळतं.

पहिलं घर चांगलं निघालं. गोटी जागची हलली नाही. काका खूश. ते गुडघ्यावर बसून जमिनीला शाबासकी देत होते तेव्हा मालक माझ्याशी बोलत होते. आडनाव काय? गाव कोणतं? मग तिथल्या अमक्या पाटलांचे तुम्ही कोण? कोणीच नाही? बरं, घर गावाच्या कोणत्या अंगाला? मी सांगितलं. तेवढ्यात मालकांना आठवलं की त्यांचा भाचा शिकायला येणार आहे. काकांनी उठून हात झटकले आणि वहीत लिहिलं, 'जागा उत्तम. भाचा येणार.'

दुसऱ्या घरी खोली देवघराला लागून होती, "तुम्हालाच अडचण होईल," असं मालकीणबाई म्हणाल्या. तिसऱ्या घरच्या गृहस्थांना एकाएकी आठवलं की मुलगी बाळंतपणाला यायची आहे. यावर काकांनी काय करावं? त्यांनी स्टूल मागितलं, वर चढले, आढ्याची कडी दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि म्हणाले, "ही पाळण्याला चालायची नाही. गंजली आहे." त्या गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. परत येताना काका मला समजावत होते, की बाळंतपण म्हटल्यावर त्यांचाही इलाज नाही, आपण चौथं पाहू.

मी चौथं पाहायला गेले नाही. उशीर होतच होता. आठवडा गेला. एका दुपारी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. भांडार सोडून ते कधी आमच्या खोलीत येत नसत.

झालं असं होतं की ती गंजकी कडी त्यांच्या मनातून जाईना. लेकरू पाळण्यात असताना तुटली तर? म्हणून ते बाजारातून नवी जाड कडी घेऊन रविवारी त्या घरी गेले. दार मालकाच्या बायकोनं उघडलं. "कोणाची मुलगी?" ती म्हणाली. "आम्हाला दोघं मुलगेच."

दुसरा कोणी असता तर तिथंच समजला असता. काका समजले नाहीत, पण त्यांना कोडं पडलं. बंद पंपाचं दुखणं शोधताना त्यांची एक रीत होती. सगळं आहे तसं ठेवायचं, एकच भाग बदलायचा आणि पुन्हा चालू करून पाहायचं. त्यांनी तेच केलं. तीच पिशवी, तीच वेळ, तेच प्रश्न. माझ्याऐवजी नुकताच लागलेला एक टंकलेखक बरोबर नेला, माझ्याइतक्याच पगाराचा. भाच्याच्या घरी खोली अजून रिकामी होती. टंकलेखकाचं आडनाव ऐकून मालकांनी चहा ठेवायला सांगितला आणि किल्लीच हातात दिली. भाच्याचा विषय निघालाच नाही.

"दोष सापडला," काका मला म्हणाले. आवाज चमत्कारिक झाला होता.

"मला माहीत होता," मी म्हटलं.

"मग सांगितला का नाहीत?"

मला राग आला. इतक्या दिवसांचा सगळा त्यांच्यावर निघाला. "तुम्ही गोटीकडे बघत होतात, काका. मालक माझ्याकडे बघत होता. सांगायचं काय त्यात? आणि मला बदलून पाहिलंत? मी काय तुमच्या पंपाचा वॉशर आहे?"

आजूबाजूच्या माना वळल्या. काका तिथंच उभे राहिले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "नाही. चुकलं माझं. बिघाड तुमच्यात नाही, तिकडं आहे. मी उलट्या बाजूनं शोधत होतो. वीस वर्षं लोकांना घरं बघून देतोय आणि ही एक गोष्ट मी तपासलीच नाही." एवढं बोलून ते शेडकडे निघून गेले. माझ्या वयाच्या दुप्पट माणूस भर कचेरीत माझी माफी मागून गेला होता. मला रडू आलं ते रागानं की कशानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. "आमची वरची खोली आहे. मेहरबानी म्हणून देत नाही. तुम्ही तपासून घ्या."

"खोक्यांचं काय?"

"ज्याची त्याला."

पुढचे तीन रविवार काकांनी सायकलच्या कॅरिअरला खोकी बांधून ती घरोघर परत केली. लोकांना धक्काच बसला. काका, हे आता आम्ही कुठं ठेवू? आणि खोली कशाला रिकामी करताय? काकांना आडून बोलायची सवय नव्हती. कचेरीतल्या एका बाईंना देतोय, त्या निफाडकडच्या बौद्ध आहेत, त्यांना गावात कोणी जागा दिली नाही, असं ते प्रत्येक दारात उभं राहून सांगत. तीन रविवारांत पंचवटीपासून पार नाशिकरोडपर्यंत बोभाटा झाला. दुसऱ्या कोणी ते मोठा पराक्रम म्हणून केलं असतं. काका फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होते.

खोली रिकामी झाल्यावर मी गेले आणि दारातच हात पुढं केला. "पिशवी द्या." त्यांनी मुकाट्यानं दिली. मी दिवा बदलला. वीज इतकी कमी की शंभरचा दिवा लालसर निखाऱ्यासारखा पेटला, ते घर तारेवरचं शेवटचं होतं. नळाला पाणी वर चढतच नव्हतं. गोटी सोडली ती दारातून निघून थेट समोरच्या कोपऱ्यात जाऊन आपटली. ट्रान्झिस्टर लावला तर खालून काकूंचा आवाज आला, "जरा हळू करा."

"नापास," मी म्हटलं.

"किती बाबतींत?"

"चारही."

काकांनी वहीत लिहून घेतलं. "मग घेऊ नका. मी कुणालाही घेऊ नका असंच सांगेन."

"घेते. पण भाडं चार नापासांचं लावा."

ते जिन्यावर बसून खरोखर विचार करू लागले. काकू खालच्या पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना एकदम हसू फुटलं. "वीस वर्षांनी भेटलं कोणी," त्या म्हणाल्या. भाडं उतरलं.

सगळं एका दिवसात गोड झालं असं मी म्हणणार नाही. पहिले पंधरा दिवस खाली मला चहा मिळायचा तो एका वेगळ्या कपातून, कान तुटलेल्या. मी पाहिलं होतं. काकांनी पाहिलं नव्हतं, त्यांचं लक्ष गाळणीच्या जाळीकडे. मी कप विसळून पालथा घालताना रोज थोडा आवाज करायची. सोळाव्या दिवशी तो कप नव्हता. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मांजरानं पाडला." त्या घरात मांजर नव्हतं. त्या दिवसापासून मी काकूंची झाले आणि त्या माझ्या.

काकांना मात्र किंमत मोजावी लागली. दोन-तीन घरांनी त्यांना बोलावणं बंद केलं. त्यातल्या एका घरी फ्रिज आला, गल्लीत पहिला. रविवारी सकाळी काका आंघोळ करून, बुशकोट घालून ओट्यावर बसले. अकरा वाजले, बारा वाजले. "त्याची पुस्तिका जाड असते," एवढंच एकदा म्हणाले. मी वर गेले, पगारातून घेतलेली नवी इस्त्री अजून खोक्यात होती ती खाली आणली आणि पुस्तिका त्यांच्या पुढ्यात ठेवली. चारच पानं होती. ती त्यांनी दीड तास वाचली. मी आणि काकू प्रत्येक वाक्याला "कळलं" म्हणत होतो. माझ्या आयुष्यातला इतका चांगला रविवार मला दुसरा आठवत नाही.

मी त्या खोलीत नऊ वर्षं राहिले. तिथं राहूनच कायम झाले, तिथूनच माझं लग्न झालं. नवरा मुलगा शिक्षक. काकांनी त्याला बोलावून घेतलं, आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "पुस्तिका कोणालाच मिळणार नाही. विचारून विचारून चालवा." आम्ही तसंच चालवलं, आणि बरं चाललं. पुढं आम्ही स्वतःचं घर घेतलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत काका गेले. टीव्ही तोवर सगळ्यांकडे आला होता, चित्र स्वच्छ यायला लागलं होतं आणि पुस्तिका कोणी वाचत नव्हतं. मी त्यांच्याशी भांडले पुष्कळ, पण आभार कधी नीट मानले नाहीत. ते आता मानते आहे. मला शहरात पाय ठेवायला जागा त्या माणसानं दिली, आणि देताना माझी मान खाली जाऊ दिली नाही. ते त्यांनी कसं केलं हे मला एका रविवारी कळलं, खोलीत राहायला जाऊन जेमतेम महिना झाला होता तेव्हा.

त्या दिवशी दादा आले. हातात वेटोळं केलेली काथ्याची दोरी होती. मी ओळखलं. अंथरूण आणि पेटी बांधून न्यायला आले होते.

ते खोलीत आले नाहीत, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. "चल," म्हणाले.

"का पण? खोली मिळाली ना?"

"मिळाली. आज दिली. उद्या कोणी त्यांचे कान फुंकले का काढतील. तू लय शिकली, पन हे मला जास्त कळतं. भर रस्त्यावर सामान येन्यापरीस आपल्या पायानं गेलेलं बरं."

ते कशाबद्दल बोलत होते ते मला माहीत होतं. मी आठ वर्षांची असताना आम्ही कारखान्याजवळ एका खोलीत राहत होतो. एका दुपारी मालकानं काढलं. चुलीवर भाकरी होती, ती आईनं गरम तव्यासकट उचलली होती. दादांचं त्यानंतर कोणत्याही घरमालकाच्या शब्दावर मन बसलं नाही. त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं. ते म्हणत होते ते होऊ शकत होतं.

तेवढ्यात खालून काका आले. महिन्याचं भाडं मी सकाळीच दिलं होतं. त्यांच्या हातात कोरं पावतीपुस्तक होतं, त्यातली पहिली पावती फाडलेली. दादा उठून उभे राहिले. "बसा, बसा," म्हणत काकाही त्याच पायरीवर त्यांच्या शेजारी बसले, आणि त्यांना दुसरं काही येतच नसल्यामुळे पावती मोठ्यानं वाचायला लागले. पावती क्रमांक एक. घर अमुक, वरची खोली एक. भाडेकरूचे नाव. त्यांनी माझं पूर्ण नाव वाचलं. आधी माझं, मग दादांचं, मग आडनाव. एकेक शब्द, थांबून. दादांनी चमकून वर पाहिलं. त्यांचं नाव हजेरीच्या ओरड्याखेरीज कोणी मोठ्यानं घेतलेलं त्यांनी फारसं ऐकलं नव्हतं.

"ह्यानं काय होतं?" दादांनी विचारलं.

"ह्यानं मला त्यांना काढता येत नाही," काका म्हणाले. "पावती दिली की भाडेकरू कायद्यानं पक्का होतो. मी मालक लोकांना वीस वर्षं हेच सांगत आलोय, की काही करा, पण पावती देऊ नका. दिलीत तर अडकलात."

"मग तुमी का देताय?"

काकांना तो प्रश्न फार सोपा वाटला असावा. "अडकायचंच आहे म्हणून," ते म्हणाले. "उद्या मला कोणी काही शिकवलं, माझीच बुद्धी फिरली, तरी ह्या इथून हलणार नाहीत. दर महिन्याला देईन. सगळ्या जपून ठेवायला सांगा."

दादांनी पावती हातात घेतली. त्यांना अक्षर ओळखून ओळखून वाचता येई. त्यांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, आडनावापर्यंत नेलं आणि पावती माझ्याकडे दिली. "पेटीत खाली ठेव. कापडात गुंडाळ." मग ते चप्पल काढून खोलीत आले, भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोला हात जोडले आणि जमिनीवर बसून काकूंनी पाठवलेला चहा प्याले. स्थळाचं काहीच बोलले नाहीत. चारची एसटी गाठायची म्हणून उठले.

ते पायऱ्या उतरायला लागले तेव्हा मी मागून हाक मारली. "दादा, दोरी राहिली."

"राहू दे," ते खालून म्हणाले. "धुनं वाळत घालायला होईल."